एकदाच दिसलेला बेडूक

मिरगाचे चार पाऊस पडले की गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या कुळागरांत, म्हणजे माडा-पोफळींच्या बागांत, रात्रीचा बेडकांचा गलका सुरू होतो. तुंबलेल्या शेतात पिवळेजर्द झालेले बुलफ्रॉगचे नर गळ्याजवळच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडत असतात आणि झुडुपांतून बोटाच्या पेराएवढ्या बेडकांची टिक्-टिक् चालू असते. या गलक्यात जाती किती, हा प्रश्न साधा वाटतो. मोजायला बसलं की त्याची अडचण कळते.

उष्ण कटिबंधातल्या जंगलात जाती पुष्कळ, पण त्यांतल्या बऱ्याचशा जातींचे जीव थोडे आणि विखुरलेले. मोजणी रात्री होते. ठरलेल्या पट्ट्यात, ठरलेला वेळ, बॅटरी घेऊन पानं, दगड, ओहोळाचे काठ तपासायचे. दिसलेल्याची आणि ऐकलेल्याचीही नोंद करायची. वेळ आणि माणसं सारखी ठेवली तरच मोल्याच्या जंगलातली रात्र नेत्रावळीच्या जंगलातल्या रात्रीशी ताडून बघता येते. तरीही चुकतंच. समजा, एखादी जात तिथे राहते, पण एका रात्रीत सापडण्याची शक्यता शंभरात तीस. मग सलग पाच रात्री फिरूनही ती न दिसण्याची शक्यता सुमारे १७ टक्के उरते. म्हणजे ‘दिसला नाही’ यावरून ‘नाहीच’ असं म्हणता येत नाही.

इथे ॲन चाओ या तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ मध्ये मांडलेली युक्ती कामी येते, आणि मला ती फार सुंदर वाटते. त्यांनी लक्ष दिलं ते शेकड्यांनी सापडणाऱ्या जातींकडे नाही, एकदाच सापडलेल्यांकडे. समजा आपल्याला १८ जाती मिळाल्या. त्यांतल्या ४ जातींचा एकेकच बेडूक दिसला आणि २ जातींचे दोन-दोन. चारचा वर्ग १६, त्याला दोनच्या दुपटीने, म्हणजे ४ ने भागलं की ४ येतात. तेवढ्या जाती अजून नजरेआड आहेत, एकूण निदान २२. एकेकटे जितके जास्त, तितकं शोधायचं बाकी. सगळ्या जाती पुन्हा पुन्हा दिसू लागल्या की समजावं, यादी भरत आली.

पण दोन जाती एकच समजून मोजल्या तर हे गणित फसतं. शेतातले छोटे तपकिरी बेडूक हातात धरूनही एकसारखे दिसतात. फरक कळतो तो आवाजावरून आणि डीएनएवरून. गोव्यातल्या घाटमाथ्याच्या सड्यांवरचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारांवरचा, असा एक बेडूक २०१८ मध्ये ‘गोएमची’, म्हणजे गोंयची, या नावाने वेगळी जात ठरला. त्याच्या आधी, २०१५ मध्ये, ‘गोमंतकी’ आला होता. दोन्ही नावं वाचताना ऊर भरून येतो.

काहींचा मागोवा बेडूक न दिसताही लागतो. कुळागरातल्या तळीवर वाकलेल्या फांदीकडे बघा. पानांना चिकटलेला, साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा दिसला तर ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. मादी अंड्यांबरोबर द्रव सोडते, मागच्या पायांनी तो घुसळला जातो आणि फेस होतो. बाहेरून तो सुकतो, आत ओल राहते. काही दिवसांनी पिल्लं त्यातून सुटून थेंबाथेंबाने खाली पाण्यात पडतात. म्हणून तळीवरची फांदी पावसाळ्यात छाटू नये, अशी माझी कळकळीची विनंती.

सगळ्यांत दगा देतात ती देवगांडुळं. बेडकांचीच ही बिनपायांची भावंडं ओरडत नाहीत, बॅटरीच्या उजेडात येत नाहीत, मातीतच राहतात. २००७ मध्ये त्यांच्या दोन जाती नव्याने नोंदल्या गेल्या, एकीच्या नावात गोवा, दुसरीच्या नावात म्हादई नदी. त्यांच्यासाठी ओली माती उकरावी लागते, कुजके ओंडके आणि दगड उलटावे लागतात. माडाला आळं करताना कुदळीपुढे एखादं येतं आणि साप समजून मारलं जातं. अंगावर वळ्या, ओलसर कातडी, खवले नाहीत असं वाटलं तर हात आवरावा. आणि शोधणाऱ्याने उलटलेला दगड होता तसाच परत ठेवावा, कारण त्याच्याखालची ओल हेच त्या जिवाचं घर असतं.