अव्यक्त स्मृती आणि वाचनाचा वेग

आधी वाचलेला मजकूर आठवत नसला, तरी तो दुसऱ्यांदा अधिक वेगाने वाचला जातो. हा अव्यक्त स्मृतीचा, म्हणजे जाणीवपूर्वक काही न आठवताही काम करणाऱ्या स्मृतीचा, परिणाम होय. व्यक्त (जाणीवपूर्वक आठवणारी) आणि अव्यक्त स्मृती हा भेद मानसशास्त्रज्ञ पीटर ग्राफ आणि डॅनियल शॅक्टर यांनी १९८५ मध्ये मांडला. पुरावे मात्र त्याआधीच जमू लागले होते.

टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ पॉल कोलर्स यांनी विद्यार्थ्यांकडून उलट्या छपाईची इंग्रजी पाने वाचून घेतली. वर्षाहून अधिक काळानंतर त्याच पानांत नवी पाने मिसळून ती पुन्हा वाचायला दिली, तेव्हा जुनी पाने नव्यांपेक्षा लवकर वाचून झाली. कोलर्स यांचे हे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वांत बोलका प्रयोग स्मृतीचे संशोधक नील कोहेन आणि लॅरी स्क्वायर यांचा (१९८०). त्यात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आरशात दिसावेत तसे छापलेले शब्द वाचत. रुग्णवाहिकेच्या दर्शनी भागावर असतात तशी ही अक्षरे. सलग तीन दिवस सराव झाला. रुग्णांचा वेग निरोगी माणसांइतकाच वाढला आणि सुमारे तीन महिन्यांनंतरही टिकून राहिला. आपण असे काही केले होते, हे मात्र त्यांतील अनेकांना आठवत नव्हते. अशा माणसाची ‘स्मृती गेली’ असे सरसकट म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे: गेलेली असते ती आठवण, कौशल्य शिकण्याची क्षमता नव्हे.

या वेगवाढीचे दोन स्तर आहेत. एक म्हणजे सर्वसाधारण कौशल्य: उलटी अक्षरे उलगडण्याचा सराव झाला की कधी न पाहिलेले शब्दही भरभर वाचता येतात. दुसरा स्तर त्या-त्या शब्दापुरता किंवा उताऱ्यापुरता असतो. कोहेन-स्क्वायर यांच्या प्रयोगात पुन्हा पुन्हा आलेले शब्द निरोगी माणसांनी रुग्णांपेक्षा लवकर वाचले, कारण ते शब्द त्यांना आठवतही होते. म्हणजे रोजच्या वाचनात दोन्ही स्मृती एकत्र काम करतात. त्या वेगळ्या आहेत हे एकीला इजा झाल्यावरच स्पष्ट दिसते.

हंटिंग्टन आजाराच्या रुग्णांत याच्या उलट चित्र आढळले (१९८४): वाचलेले शब्द ते बऱ्यापैकी ओळखत, पण आरशातली अक्षरे वाचण्याचे कौशल्य त्यांना नीट आत्मसात होत नसे. या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या गाठींना इजा होते. कौशल्यस्मृतीसाठी त्यांची गरज असते, असे यावरून मानले जाते.