पर्यायी इंधन वाहने : कोल्हापूर परिसर

पर्यायी इंधन वाहने : केवळ पेट्रोल किंवा डिझेलवर अवलंबून नसलेली वाहने. सीएनजी, एलपीजी, इथेनॉल, वीज व हायड्रोजन यांवर चालणारी वाहने यांत मोडतात. इंजिनाला विद्युत मोटरची जोड दिलेली हायब्रिड वाहनेही यांतच धरतात. कोल्हापुरात रोजच्या वापरात हायड्रोजनला अजून जागा नाही. इथेनॉल मात्र कुणी मागितले नसतानाही जवळजवळ प्रत्येक पेट्रोल टाकीत पोचले आहे.

साखर काढून उरलेली मळी किंवा थेट उसाचा रस आंबवून इथेनॉल तयार करतात. रस वापरला तर एक टन उसामागे साधारण ७० लिटर इथेनॉल मिळते. शिरोळ, कागल, करवीर अशा ऊसपट्ट्यात त्यामुळे इंधनाचा कच्चा माल शेतातच उभा असतो. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलची विक्री देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या व ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीत ही घट ६ ते ७ टक्के, तर तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के राहील, असा नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातील अंदाज आहे.

जुन्या दुचाकींना जास्त त्रास पावसाळ्यात होतो. इथेनॉल पाणी शोषून घेते. झाकणातून पाणी शिरून त्याचे प्रमाण वाढले, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्यासह तळाला बसते आणि इंजिनाकडे आधी तोच थर जातो. गाडी किक मारून मारून सुरू होत नाही. झालीच तर दोन आचके देऊन बंद पडते. अशा वेळी थोडे इंधन पारदर्शक बाटलीत काढून ठेवावे. जरा वेळाने दोन थर वेगळे दिसले, तर स्पार्क प्लग बदलण्यात अर्थ नाही, टाकीच रिकामी करावी लागते.

सीएनजी गाडीत सुमारे २०० बार दाबाखाली भरतात आणि किलोवर विकतात. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. डिकीतील जागा जाते, ही जुनी तक्रार. तळाशी दोन लहान सिलिंडर बसवण्याची रचना आल्यावर ती थोडी निवळली. गॅसवर ताकद काहीशी कमी पडते, म्हणून भरलेली गाडी घाट चढताना बरेच चालक बटण दाबून पेट्रोलवर टाकतात. जुलै २०२४ मध्ये बजाजने सीएनजीवर चालणारी मोटरसायकलही बाजारात आणली. एलपीजी मुख्यतः रिक्षांपुरते आहे.

हायब्रिडमध्ये माइल्ड, स्ट्राँग आणि प्लग-इन असे प्रकार आहेत. माइल्डची मोटर इंजिनाला नुसता हात देते. तिला हायब्रिड म्हणणे हे बरेचसे जाहिरातीचे काम. स्ट्राँग हायब्रिड काही अंतर निव्वळ विजेवर जाते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवते. महाद्वार रोडच्या गर्दीत याचा खरा फायदा दिसतो. प्लग-इनची बॅटरी मोठी असते आणि ती बाहेरून चार्ज करता येते. भारतात तिचे पर्याय मोजके व महाग आहेत. २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी जेमतेम ०.७६ किलोवॉट-तासाची आहे. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना एवढी बॅटरी लवकरच भरते. त्यानंतर गाडी आवरायला इंजिन आणि नेहमीचे ब्रेकच उरतात.

हीच गोष्ट विद्युत गाडीलाही लागू आहे. माथ्यावर शंभर टक्के चार्ज करून घाट उतरू नये. बॅटरीत थोडी जागा ठेवावी. खासगी विद्युत वाहनाच्या हिरव्या पाटीवर पांढरी, तर व्यावसायिक वाहनाच्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या स्कूटरला घरचा प्लग पुरतो. अडचण होते ती वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची, कारण वायर पार्किंगपर्यंत पोचत नाही.

या बदलाशी कोल्हापूरचे नाते चालकांपुरते नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्यांत वाहनांसाठी लोखंडी कास्टिंग, म्हणजे ओतकाम, होते. हायब्रिडला इंजिन लागतेच, सीएनजी आणि इथेनॉललाही लागते. निव्वळ विद्युत गाडीत इंजिनच नसल्याने त्याचा ओतीव ब्लॉक नसतो आणि हेडही नसते. मोटरचे आवरणही बहुधा लोखंडाचे नसून ॲल्युमिनियमचे असते.