साखरेवर टाकलेली स्लॅब

‘यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे काळजी नाही.’ हिवाळ्यात हिमालयात निघालेल्या आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते खोडून काढल्याशिवाय राहवत नाही. हिमस्खलनाच्या बाबतीत हे गणित बरेचदा उलटं असतं.

बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते. वरची हवा समजा उणे १५. बर्फ दोन मीटर जाड असेल तर हा १५ अंशांचा फरक दोनशे सेंटिमीटरमध्ये वाटला जातो, म्हणजे दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहूनही कमी. तोच बर्फ जेमतेम ४० सेंटिमीटर असेल तर दर दहा सेंटिमीटरला जवळजवळ चार अंश! इतका फरक पडला की खालच्या कणांतून वाफ निघते, वर सरकते आणि वरच्या कणांवर गोठते. काही आठवड्यांत एकमेकांना धरून असलेले बारीक कण जाऊन तिथे मोठे, टोकदार, कोरडे स्फटिक तयार होतात. पातळ बर्फ आणि निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या रात्री, एवढंच त्याला लागतं. बर्फ भरपूर पडणाऱ्या पीर पंजालच्या डोंगररांगेपेक्षा कोरड्या, थंड काराकोरममध्ये असे थर जास्त होतात ते यामुळेच.

फावड्याने खड्डा खणून त्याची एक भिंत सरळ कापली की हे सगळं डोळ्यांना दिसतं. वरून खाली हात दाबत जायचं. ताज्या बर्फात अख्खी मूठ शिरते, त्याखाली एखादं बोट, वाऱ्याने घट्ट केलेल्या थरात पेन्सिलच जेमतेम घुसते. आणि तळाशी पोचल्यावर भिंत एकदम भुरभुरायला लागते. मूठभर बर्फ हातमोज्यावर घेतला तर जाड साखरेसारखा चमकतो. दाबून गोळा करायला जा, होत नाही, बोटांमधून गळून जातो.

या साखरेवर मग एक-दोन पश्चिमी झंझावात येऊन मीटरभर बर्फ टाकून जातात. तो दबून, वाऱ्याने ठोकला जाऊन सलग होतो. जाणकार त्याला स्लॅबच म्हणतात. एका माणसाच्या वजनाने खालचा थर एका जागी बसला की तो तडा क्षणात दूरवर पसरतो आणि आख्खा उतार सुटतो. स्की किंवा ट्रेकिंग करताना हिमस्खलनात सापडलेल्या बहुतेकांच्या बाबतीत ते त्यांच्या किंवा सोबत्यांच्याच वजनाने सुटलेलं असतं.

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बर्फाविना जवळपास उघडे होते. महिना संपता संपता बर्फ सुरू झाला आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. एका घटनेवरून नियम काढू नये, पण उशिरा आलेल्या बर्फाकडे पाहून हरखून जाण्याआधी डिसेंबर कसा गेला हे विचारलंच पाहिजे. हिवाळ्याबाहेरही गाफील राहता येत नाही: ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर प्रशिक्षणासाठी गेलेल्या तुकडीतले पंचवीसहून अधिक जण हिमस्खलनात दगावले.

धोक्याचे उतार मुख्यतः ३० ते ४५ अंशांचे. घराच्या जिन्याइतका चढ म्हणजे सावध व्हायची वेळ. मोबाइलवरही कोन मोजता येतो, पण तुम्ही सपाटीवर असलात तरी डोक्यावर काय आहे ते बघा. पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा बर्फात भेग धावत गेली, तर चर्चा करत थांबू नका, आल्या वाटेने परत फिरा. स्वच्छ ऊन पडलंय म्हणून तर मुळीच पुढे जाऊ नका. मोठ्या बर्फानंतरचा पहिला निळाभोर दिवस फार फसवा असतो.

पुरलेल्या माणसाला बाहेर काढायला साधारण पंधरा मिनिटं हातात असतात. त्यानंतर वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. बाहेरची मदत तेवढ्या वेळात पोचत नाही, शोधायचं ते सोबत्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर चालू बीकन (पुरलेल्याचा ठावठिकाणा कळवणारं रेडिओ यंत्र) हवा, सॅकमध्ये प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) हवा आणि धातूचं फावडंही. घसरून थांबलेला बर्फ काँक्रीटसारखा घट्ट बसतो, हातांनी उकरत नाही.