काळी, पांढरी आणि नकाशावरचं घर

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून काढलेल्या इंटरनेटवरच्या नकाशावर, घर काढलं की त्याला बिल्डिंगचा टॅग (ती वस्तू काय आहे हे सांगणारी खूण) लावायचा, इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पण बरेच जण त्याच चौकोनाला जमिनीचा प्रकारही चिकटवतात, लँडयूज रेसिडेन्शियल (वस्तीची जमीन) किंवा लँडयूज फार्मलँड (शेतजमीन) असं. मीही खान्देशातल्या यावलकडच्या एका गावात तेच केलं होतं, आणि नंतर एकेक घर उघडून तो टॅग काढत बसलो. तेव्हा आजीचा एक शब्द सारखा आठवत होता, पांढरी.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग धरायचे, काळी म्हणजे पिकाची आणि पांढरी म्हणजे वस्तीची. अहिराणीत ळ चा य होतो म्हणून कायी. पांढरी हे नाव मातीवरूनच पडलंय, मातीची घरं पडतात, त्यावरच नवी उठतात, चुलीची राख, शेण, भुसा सगळं त्यात मिसळत जातं आणि शेकडो वर्षांनी गावाखालची जमीन आजूबाजूच्या काळ्या रानापेक्षा उंच आणि फिकट दिसायला लागते. गिरणाकाठचं बहाळ, तापीकाठचं प्रकाशा इथे 1950 च्या दशकात उत्खननं झाली ती असल्याच टेकाडांवर, आणि खाली थेट ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली. म्हणजे पांढरी हा अख्ख्या तुकड्याचा गुण आहे, एका घराचा नाही. घर पडलं तरी पांढरी पांढरीच राहते, गल्ली, ओटा, पार, विहीर सगळं तिच्यातच येतं.

कागदावर हे वेगळ्या वाटेने आलं. 1818 ला खान्देश इंग्रजांकडे गेला, मग मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांची मोजणीची पद्धत बसली, 1847 च्या जॉइंट रिपोर्टमध्ये तिचे नियम पक्के झाले. 1852 मध्ये ती मोजणी इकडे आली तेव्हा सावदा, फैजपूर, यावल भागातल्या शेतकऱ्यांनी ती अडवली, सारा वाढेल ही धास्ती होती, शेवटी लष्कर आणावं लागलं. (हा उठाव आपल्याकडे पोरांना कुणी शिकवत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.) मोजणी पुढे झालीच, पण झाली ती शेतांची, कारण सारा शेतातून येणार होता. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, बांधावर हद्दीचे दगड, आणि गाव मात्र नकाशावर एक मोकळा ठिपका, त्यावर नुसतं गावठाण लिहिलेलं, आत एकही घर नाही. म्हणून तर शेताचा सातबारा निघतो आणि गावठाणातल्या जुन्या घराला अगदी परवापर्यंत बहुतेक ठिकाणी कागद कुठला तर ग्रामपंचायतीचा नमुना 8. पुढे 1947 चा तुकडेबंदी-एकत्रीकरणाचा कायदा आला आणि त्यातून गट नंबर आले, 1966 च्या महसूल संहितेखाली बिनशेतीच्या परवानग्या निघत गेल्या, आणि रस्त्याकडेच्या गटात प्लॉट पडून कॉलन्या झाल्या.

बहुतेक गावठाणातली घरं सरकारी नकाशावर एकेक करून दिसायला लागली ती स्वामित्व योजनेमुळे, 24 एप्रिल 2020 ला जाहीर झाली ती. त्यात आधी माणसं गल्लीत उतरून प्रत्येकाच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात, मग वरून ड्रोन फिरतो, आणि त्या रेघेवरून मिळकत पत्रिका तयार होते. चुना दाराला टेकत नाही, अंगणाच्या कडेने, गोठ्याच्या मागून जातो, म्हणजे घर वेगळं आणि त्याची जागा वेगळी हे डोळ्यांनी दिसतं.

ओपनस्ट्रीटमॅप 2004 ला ब्रिटनमध्ये सुरू झाला. टॅग कुणीही कसाही लावू शकतो, म्हणून सवयी आधी पडल्या आणि नियम मागून ठरले. सुरुवातीला खेडं म्हणजे अंदाजाने काढलेला एक रेसिडेन्शियल तुकडा असायचा, 2010 च्या शेवटी मायक्रोसॉफ्टच्या बिंगचे आकाशातून काढलेले फोटो वापरायला मिळाले आणि जिथे फोटो साफ होते तिथे छपरं मोजता यायला लागली. मग लोक घरं काढायला लागले आणि जमिनीचा टॅग छपरावर चढला. त्याने होतं काय, रंग फक्त छपराखाली भरतो आणि मधल्या गल्ल्या, अंगणं कोरी राहतात, शिवाय एका गावात रेसिडेन्शियल जमिनीचे चारशे तुकडे मोजले जातात. बिल्डिंगचा टॅग वास्तू काय आहे ते सांगतो, जमिनीचा टॅग तिच्याभोवतीच्या पट्ट्याला एकदाच लावायचा.

आणि इथे सातबारा बघायचा नसतो, जागेवर काय चाललंय ते बघायचं. कागदावर अजून शेती असलेल्या गटात कॉलनी उभी असेल तर ती रेसिडेन्शियलच.

अवघड जातं ते सातपुड्यात. धडगाव, अक्कलकुव्याकडचे पाडे म्हणजे ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, काळी-पांढरी अशी रेघच नाही, आणि 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर मिळालेले कित्येक प्लॉट जंगलाला लागूनच आहेत. तिथे मी भोवतीचं शेत एका तुकड्यात ठेवतो, घर त्यातच नुसतं घर म्हणून काढतो, आणि दोन-चार घरं जवळ असतील, मधे खळं, गोठा असेल तर तेवढ्या जागेला फार्मयार्ड (शेतावरच्या घर-गोठ्याचं आवार) लावतो.