कोंबडीचं पिल्लू, बदकाचं पिल्लू आणि मधलं पाणी

अंडं फोडून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक नाभीतून पोटात ओढून घेतं. या शिदोरीवर ते दोन ते तीन दिवस दाणापाण्याशिवाय तग धरतं, आणि म्हणूनच एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांबवर पाठवता येतात. उबेची मात्र अशी शिदोरी नसते. अंगावरची लव तुटपुंजी असते आणि शरीराचं तापमान स्वतः राखण्याची ताकद यायला काही आठवडे लागतात. आई नसेल तर तिच्या पंखांचं काम ब्रूडरला, म्हणजे दिव्याने ऊब दिलेल्या खोक्याला, करावं लागतं.

दहा पिल्लांसाठी एक मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच खोकं तीन-चार आठवडे पुरतं. दिवा एका टोकाला टांगावा, मधोमध नको. दुसरं टोक थंड राहिलं की पिल्लू आपल्याला सोसेल ती जागा स्वतः निवडतं. दिव्याखाली, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस लागतं. पुढे दर आठवड्याला ३ अंशांनी कमी करत २१ अंशांपर्यंत यायचं. बदकाच्या पिल्लांना सुरुवातीला ३० ते ३२ अंश पुरतात आणि त्यांची ऊब जास्त भराभर कमी करता येते.

थर्मामीटर ठेवाच, पण जास्त विश्वास पिल्लांवर ठेवा. दिव्याखाली एकमेकांवर चढून किलबिलाट करत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. भिंतीलगत पंख पसरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतं आहे. सगळी एकाच कोपऱ्यात दाटली असतील तर समोरून वाऱ्याचा झोत येतो आहे. खोकंभर विखुरलेली, अधूनमधून चिवचिवणारी पिल्लं दिसली की तापमान जमलं.

दिव्याची निवड घाईने करू नका. २५० वॉटचा दिवा मोठ्या कळपासाठी ठीक. लहान खोक्यात तो पिल्लांना भाजून काढतो आणि तुसावर पडला तर आग लावतो. कोणताही दिवा नुसत्या क्लिपवर सोडू नये, साखळीने वेगळा बांधावा. दिव्यावर न चिकटणाऱ्या भांड्यांसारखा टेफ्लॉनचा लेप नाही ना, हेही पाहा. तो लेप फार तापला की निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने, जवळजवळ अखंड वाहते. प्राणवायू शोषण्याची ही कार्यक्षमता विषारी वायूच्या वेळी त्यांच्या जिवावर उठते.

खाली नुसता वर्तमानपत्राचा कागद घालू नका. गुळगुळीत कागदावर पाय दोन बाजूंना फाकतात आणि तसेच राहतात. पहिले दोन दिवस खडबडीत कापड, मग भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या जाड भुशाचा ५ ते ७ सेंटिमीटरचा थर द्यावा. बारीक भुसा पिल्लं खातात. पाय फाकलेच, तर मऊ पट्टीने दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर सैलसर जोडून ठेवावेत. हे पहिल्या काही दिवसांतच साधतं, नंतर नाही.

आल्या आल्या प्रत्येक पिल्लाची चोच पाण्यात बुडवून दाखवावी, खाद्य त्यानंतर. रात्री गळ्याखालची अन्नपिशवी बोटाने हलकेच चाचपा. मऊ आणि भरलेली लागली तर उत्तम. कडक लागली तर दाणा मिळाला पण पाणी मिळालेलं नाही. रिकामी असेल तर ते पिल्लू उपाशी आहे. कोंबडीच्या पिल्लांचा मागचा भाग रोज पाहा. थंडी, उष्णता किंवा प्रवासाचा ताण सोसला की विष्ठा वाळून तिथे बूच बसतं आणि पिल्लू मरू शकतं. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ते मऊ करून पुसा, ओढून काढू नका. विष्ठाद्वार शेपटीखाली असतं. पोटावरचा वाळका ठिपका ही नाभी, तिला हात लावायचा नाही.

दोन्ही जातींची पिल्लं एकाच खोक्यात वाढवायचा मोह होतो. आठवडाभर ते निभावतंही, मग पाण्यावरून सगळं बिघडतं. बदकाचं पिल्लू घास घेतं, पाण्याकडे धावतं, चोच खळबळतं, पुन्हा घास घेतं. पाण्याशिवाय कोरडं खाद्य त्याच्या घशात अडकतं. नाकपुड्या आणि डोळे स्वच्छ ठेवायला डोकं बुडेल इतकं खोल पाणीही त्याला हवं. हा त्याचा खोडकरपणा नाही, शरीराची गरज आहे. मात्र तेवढ्याने तूस ओलं होतं, आणि ओलं, उबदार तूस कोंबडीच्या पिल्लाला मारक ठरतं.

कॉक्सिडिओसिस म्हणजे रक्ती हगवण आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होते. विष्ठेतून पडणाऱ्या त्याच्या अंडपेशी लगेच संसर्ग करत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत त्या पिकतात आणि मग पिल्लाच्या आतड्यात शिरतात. साध्या जंतुनाशकांना त्या दाद देत नाहीत. कोरडेपणा त्यांना रोखतो. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्लं पिसं फुलवून गप्प बसू लागली, विष्ठेत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. ॲम्प्रोलियम हे नेहमीचं औषध बी-१ जीवनसत्त्वासारखं दिसतं आणि परजीवीची उपासमार करतं. म्हणून उपचार चालू असताना बी जीवनसत्त्वांचं टॉनिक देऊ नये, औषधच निष्प्रभ होतं.

ओल्या तुसातून अमोनियाही सुटतो. तो श्वासनलिकेतले बारीक केस निकामी करतो आणि डोळे चुरचुरवतो. उभ्याने वास घेऊन काही कळत नाही. वाकून पिल्लांच्या उंचीवर नाक न्या.

तेव्हा खोकी दोनच असावीत. बदकांच्या खोक्यात एक ट्रे ठेवून त्यावर ६ मिलिमीटरची तारेची जाळी बसवा आणि पाण्याचं भांडं जाळीवर ठेवा, म्हणजे सांडलेलं पाणी ट्रेमध्ये साचेल. भांडं झाकणाचं, बाजूला डोकं जाईल पण अंग जाणार नाही अशा भोकाचं हवं. कोंबडीच्या पिल्लांना उथळ भांडं द्यावं आणि पहिले काही दिवस त्यात स्वच्छ गोटे टाकावेत. एवढ्याशा पाण्यातही ती बुडतात.

खाद्याचंही गणित वेगळं आहे. कोंबडीच्या पिल्लांना १८ ते २० टक्के प्रथिनांचं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, पुरतं. बदकांना पहिले दोन आठवडे २० ते २२ टक्के द्यावं आणि मग १६ ते १८ टक्क्यांवर यावं. पुढेही भरपूर प्रथिनं मिळत राहिली तर पंखांची पिसं सांध्याच्या ताकदीपेक्षा लवकर जड होतात आणि पंखाचं टोक बाहेर वळतं. पेकिन बदक सात आठवड्यांत ३ किलोच्या आसपास जातं, तेव्हा पायांवरचा भारही लक्षात घ्या. त्यासाठी नायसिन म्हणजे बी-३ जीवनसत्त्व लागतं, एक किलो खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम. कोंबडीच्या स्टार्टरमध्ये ते अनेकदा कमी पडतं, आणि मग गुडघ्यासारखा दिसणारा सांधा सुजतो, पाय वाकतात, पिल्लू सारखं बसून राहतं. कपभर खाद्यात एक मोठा चमचा ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट, वाळवलेलं) मिसळल्याने ही तूट भरून निघते. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य कोणत्याच पिल्लाला देऊ नका, त्यातलं ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम मूत्रपिंडं बिघडवतं.

पोहण्याची घाई नको. आईविना वाढलेल्या पिल्लाची लव भिजते आणि ते गारठतं. पहिल्या आठवड्यांत कोमट, उथळ पाण्यात पाच मिनिटं, तीही समोर बसून, आणि लगेच दिव्याखाली.

कोंबडीची पिल्लं पूर्ण पिसं आल्यावर, साधारण सहाव्या आठवड्यात, बाहेरच्या खुराड्यात जातात. त्या खुराड्याला षटकोनी भोकांची पातळ जाळी लावून भागत नाही. ती कोंबड्यांना आत ठेवते, पण मुंगूस, मांजर आणि उंदरांना बाहेर ठेवत नाही. १२ मिलिमीटर भोकांची वेल्ड केलेली जाळी घ्या आणि तिची खालची कड ३० सेंटिमीटर जमिनीत पुरा.