लॉगबुक म्हणजे सर्व्हिस रेकॉर्ड नव्हे

आजोबा हवाई दलात होते अशा घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘त्यांचं सर्व्हिस रेकॉर्ड आहे ना आमच्याकडे!’ मग कपाटातून एक आडवी, जाड पुठ्ठ्याची वही निघते. ते असतं फ्लाइंग लॉगबुक. घरच्यांचा गोंधळ समजू शकतो. पण संग्रहालयात काचेमागच्या चिठ्ठीवर हाच घोळ दिसला की माझं डोकं फिरतं.

सर्व्हिस रेकॉर्ड, म्हणजे सेवापुस्तक, काय असतं हे पुणेकरांना सांगायला नको, इथे दर दोन घरांआड कुणीतरी सरकारी पेन्शनर आहे. भरती, बढती, बदली, रजा, वारस. हवाई दलातही तेच. वर वैद्यकीय श्रेणी आणि शिस्तीच्या नोंदी. ते दलाकडेच राहतं. वायुसैनिकांची रेकॉर्ड्स दिल्लीत, सुब्रतो पार्कच्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसात असतात. घरी सापडतं ते फार तर डिस्चार्ज बुक, म्हणजे नोकरी सुटताना हाती मिळणारी पुस्तिका.

लॉगबुक उडणारा माणूस स्वतः लिहितो. एका उड्डाणाला एक ओळ: तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा क्रमांक, सोबत कोण, कामगिरी काय, तास किती. दिवसाचे तास वेगळे, रात्रीचे वेगळे. महायुद्धातल्या वह्यांत रात्रीची उड्डाणं लाल शाईत. महिनाअखेर बेरीज आणि वरिष्ठांची सही. बदली झाली की वही त्याच्याबरोबर पुढच्या तळावर.

आता खरी गोम. सर्व्हिस रेकॉर्ड नोकरीचा काळ मोजतं. लॉगबुक फक्त हवेतला वेळ मोजतं. जमिनीवर असलेल्या माणसासाठी त्यात ओळच नाही. तीन महिने कोरे दिसले की नातवंडं कुजबुजतात, ‘तेव्हा काही झालं होतं का?’ अहो, माणूस इस्पितळात असेल, कोर्सला असेल, ऑफिसच्या ड्यूटीवर असेल. ते कळायला सर्व्हिस रेकॉर्डच लागतं.

उलटंही तितकंच खरं. डिसेंबर १९७१ च्या युद्धात ते अमुक स्क्वाड्रनमध्ये (विमानांच्या तुकडीत) होते एवढं सर्व्हिस रेकॉर्ड सांगेल. एखाद्या रात्री सीमेपलीकडे कॅनबेरा बॉम्बर घेऊन गेलेल्यांत ते होते का, हे त्यातून कळत नाही. ‘स्क्वाड्रननं हल्ला केला, म्हणजे आजोबांनी केला’ ही उडी मारायची असेल तर आधी वहीतली ती तारीख दाखवा. तसंच ‘हेच विमान ते उडवत’ हे वाक्य. त्याला शेपटीजवळचा क्रमांक लॉगबुकमध्ये सापडावा लागतो. नुसतं ‘मिग-२१ उडवत’ एवढ्यावरून चौकात मांडून ठेवलेल्या मिगशी नातं जोडू नये.

या घोळात सगळ्यात जास्त अन्याय होतो तो फिटर, आर्मरर (विमानातली शस्त्रं सांभाळणारे), वायरलेसवाल्यांवर. नॅव्हिगेटर आणि गनर यांनाही लॉगबुक असे, पण जमिनीवरच्यांना नसे. १९४४ मध्ये इम्फाळला अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली एक नंबर स्क्वाड्रनची हरिकेन विमानं लढली. ती रोज उडण्यालायक ठेवणाऱ्यांच्या नावावर उड्डाणाचा एक तासही नाही. ‘लॉगबुक नाही? मग काय, कारकून होते का?’ असं विचारणाऱ्याला मी चहाही देणार नाही.

पुठ्ठ्याचा रंग, वहीचा आकार, मुखपृष्ठावर ‘रॉयल’ आहे की नाही, यावर लोक तासन् तास वाद घालतात. ‘रॉयल’ हे बिरुद भारतीय हवाई दलाला १९४५ ते १९५० एवढंच होतं; वहीचा काळ ठरवायला थोडी मदत होते, बास.

दोन्हींतून एकच निवडायचं तर मी लॉगबुक निवडेन. शेऱ्याच्या रकान्यात माणूस बोलतो. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये कचेरी बोलते. पण त्या वहीचं एखादं ‘भारी’ पान फाडून फ्रेम करणाऱ्यांना काय म्हणावं! मालकाचं नाव वहीच्या सुरुवातीला असतं, प्रत्येक पानावर नाही. सुटं झालेलं पान कुणाचं, हे पुढच्या पिढीला सांगता येणार नाही. लॅमिनेशनवाल्यांनीही कृपया लांबच राहावं.

संग्रहालयाला द्यायचं ठरलं, तर वही अख्खी द्या. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचे कागद असतील तर त्यांची प्रत सोबत जोडा. आणि पावतीवर ‘सर्व्हिस रेकॉर्ड’ लिहिलं गेलं, तर तिथल्या तिथे खोडून ‘लॉगबुक’ लिहून घ्या.