भीषण घटनांचे चित्रण

अपघात, कत्तल, युद्ध, दुष्काळ आणि माणसाने माणसाला दिलेल्या यातना यांना साहित्य, रंगभूमी, चित्रकला व छायाचित्रण यांत मिळालेले रूप. विषय कलेइतकाच जुना आहे. त्यावरचे वाद मात्र काळ बदलला तरी एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहिले : घडलेले भीषण किती जवळून दाखवायचे?

या वादाचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण अथेन्सचे आहे. इ.स.पू. ४९४ मध्ये इराणी फौजांनी मायलेटस हे ग्रीक शहर जिंकून उद्ध्वस्त केले. त्या घटनेवर फ्रिनिकस या नाटककाराने नाटक केले. ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसच्या सांगण्यानुसार सारे प्रेक्षागृह रडले. आणि आपल्याच लोकांच्या दुःखाची आठवण करून दिली म्हणून नाटककाराला १,००० द्राख्मा दंड झाला, नाटकावर कायमची बंदी आली. पुढे इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलसने, ग्रीकांनी इराणी आरमाराला हरवले त्या सॅलॅमिसच्या लढाईवर ‘द पर्शियन्स’ हे नाटक आणले. ती लढाई होऊन आठच वर्षे झाली होती आणि प्रेक्षकांत ती लढलेली माणसे बसलेली असणार. पण रंगमंचावरचा शोक इराणच्या राजवाड्यातला, म्हणजे शत्रूच्या घरचा होता. या नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले.

ग्रीक शोकांतिकेत हत्या बहुधा पडद्याआड होते आणि दूत येऊन ती सांगतो. मीडिया या शोकांतिकेतल्या नायिकेने आपल्या मुलांना लोकांसमोर मारू नये, असे रोमन कवी होरेस बजावतो. भरताच्या नाट्यशास्त्रातही युद्ध, राज्यनाश, मरण आणि नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे अंकांमधल्या जोडप्रसंगातून, सुचवाव्यात, असे सांगितले आहे. नियम आहे तिथे अपवादही आहे : भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंग’मध्ये मांड्या मोडलेला दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो.

जे प्रत्यक्षात पाहवत नाही ते कलेत का पाहावेसे वाटते, याचे उत्तर दोन्ही परंपरांनी शोधले. किळसवाणे प्राणी किंवा प्रेते यांची हुबेहूब चित्रे पाहताना आपल्याला आनंद होतो, कारण पाहता पाहता आपण ओळखतो आणि शिकतो, असे ॲरिस्टॉटलचे म्हणणे. संस्कृत काव्यशास्त्रज्ञ भट्टनायकाने ‘साधारणीकरण’ ही कल्पना मांडली : नाट्यातला शोक ना माझा उरतो ना त्या पात्राचा, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. अभिनवगुप्ताने हा विचार पुढे नेला. स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणे हे तर तो रसास्वादातले एक विघ्नच मानतो. फ्रिनिकसच्या प्रेक्षकांना नेमके हेच विघ्न नडले, असे म्हणता येईल.

मात्र पाहण्याची ओढ दर वेळी एवढी उदात्त नसते. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये लिऑन्टिअस नावाचा माणूस वधस्थळाजवळ पडलेली प्रेते पाहून आधी तोंड फिरवतो, स्वतःशी झगडतो आणि शेवटी धावत जाऊन आपल्याच डोळ्यांना शिव्या देत म्हणतो की घ्या, पोटभर पाहून घ्या. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या शवागारात बेवारस प्रेते ओळख पटावी म्हणून काचेआड मांडत आणि ती पाहायला गर्दी लोटे. ओळख पटवायला आलेले त्या गर्दीत थोडेच असत. १९०७ मध्ये शवागार बघ्यांसाठी बंद झाले.

एखादी दुर्घटना कलेत शिरताना तिचे काय काय होते, हे फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिकोच्या चित्रातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते. २ जुलै १८१६ रोजी ‘मेड्यूझ’ हे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. कप्तानाने कित्येक वर्षांत जहाज हाकले नव्हते; त्याची नेमणूक राजनिष्ठेच्या बळावर झाली होती. होड्या अपुऱ्या पडल्या, म्हणून सुमारे १५० जणांना घाईने जोडलेल्या तराफ्यावर चढवले गेले आणि नंतर होड्यांनी ओढदोर सोडून दिला. तराफ्यावर मारामाऱ्या झाल्या, जखमींना समुद्रात ढकलले गेले, नरमांस खाल्ले गेले. १३ दिवसांनी सुटका झाली तेव्हा १५ जण जिवंत होते. वाचलेल्यांपैकी दोघांनी हकीकत छापली आणि तिने सरकारची लाज काढली. जेरिको या दोघांना भेटला. त्याने तराफ्याची प्रतिकृती करवून घेतली, इस्पितळातले मरणासन्न रुग्ण न्याहाळले, कापलेल्या अवयवांची चित्रे काढली. नरमांसभक्षणाचा कच्चा आराखडाही केला. आणि १८१९ मध्ये प्रदर्शित झालेल्या सुमारे पाच मीटर उंच व सात मीटर रुंद चित्रातून त्याने हे जवळपास सगळे वगळले. त्यात उपाशी माणसांची शरीरे पीळदार आहेत आणि निवडलेला क्षण क्षितिजावर जहाज दिसल्याचा आहे. एवढा शोध घेऊन शेवटी सत्य सौम्य केले, असा आक्षेप घेता येतो. पण कच्चे आराखडे आणि हे चित्र शेजारी ठेवले की पटते : आराखड्यांपुढून नजर हटते, चित्रापुढे ती खिळते.

स्पॅनिश चित्रकार गोयाने उलटी वाट धरली. १८१० ते १८२० या काळात केलेल्या ‘युद्धाचे अनर्थ’ या ८२ मुद्राचित्रांत ना नायक आहे ना सुटकेचे जहाज. एका चित्राखाली ‘हे पाहवत नाही’ असे शब्द आहेत, दुसऱ्याखाली ‘हे मी पाहिले’. या दोन वाक्यांच्या मधे साऱ्या विषयाची कोंडी सापडते. ही चित्रे त्याच्या हयातीत विक्रीला आलीच नाहीत. तो १८२८ मध्ये वारला आणि ती १८६३ मध्ये प्रसिद्ध झाली.

तोवर कॅमेरा आला होता. अमेरिकन यादवी युद्धातल्या, सप्टेंबर १८६२ मधल्या अँटिएटमच्या लढाईनंतर अमेरिकन सैनिकांच्या प्रेतांची छायाचित्रे न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली आणि घरी बसलेल्यांना रणांगण दिसले. छायाचित्र म्हणजे साक्ष, हा समज तेव्हाच रुजला. पुढच्याच वर्षी त्याच युद्धात गेटिसबर्गच्या रणांगणावर एका मृत सैनिकाचे प्रेत हलवून, हवे तसे मांडून छायाचित्र घेतले गेले, हे शंभराहून अधिक वर्षांनी उघड झाले. अशा प्रतिमांच्या माऱ्याने मन बधिर होते, असे अमेरिकन लेखिका सुसान सोनटॅगने १९७७ मध्ये लिहिले. २००३ मध्ये तिने स्वतःच या मताविषयी शंका घेतली. बधिरतेचा सिद्धांत पुष्कळदा सोयीचा असतो, कारण तो न पाहणाऱ्याला निर्दोष सोडतो.

मानसिक आघाताचा वैद्यकीय विचार अपघातांतून वाढला. रेल्वे अपघातातून वरवर धडधाकट सुटलेले लोक पुढे थरथर, निद्रानाश आणि भीती यांनी पछाडलेले दिसत. नुकसानभरपाईच्या खटल्यांमुळे हा प्रश्न न्यायालयांत पोचला. चार्ल्स डिकन्स ९ जून १८६५ च्या स्टेपलहर्स्ट अपघातातून वाचला, जखमींना पाणी पाजत फिरला आणि पुढे आगगाडीच्या प्रवासाला कायम भीत राहिला. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी हादरलेल्या सैनिकांमुळे हा विषय सार्वजनिक झाला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आघातोत्तर ताणविकृती १९८० मध्ये आली.

प्रत्यक्ष भोगलेल्यांचे लेखन हा विसाव्या शतकाने घडवलेला प्रकार. आउशविट्झ या नाझी छळछावणीतून परतलेल्या इटालियन लेखक प्रीमो लेव्हीचे पुस्तक मोठ्या प्रकाशकाने नाकारले. १९४७ मध्ये एका छोट्या प्रकाशनाने ते काढले, आणि ज्याने नाकारले होते त्यानेच १९५८ मध्ये ते पुन्हा छापले. छावणीत वारंवार पडणारे एक स्वप्न लेव्हीने नोंदवले आहे : आपण घरी पोचून सारे सांगत आहोत आणि ऐकणारे उठून जात आहेत. त्याची भाषा रसायनतज्ज्ञाची, तोललेली. हिरोशिमावर १९४६ मध्ये लिहिताना अमेरिकन पत्रकार जॉन हर्सीनेही सहा जणांची हकीकत आवाज न चढवता सांगितली. या विषयात विशेषणे जितकी वाढतात तितका वाचकाचा विश्वास कमी होतो, असा अनुभव आहे.

धक्क्याच्या कलेची एक मर्यादा उघड आहे. तिला क्षण लागतो : स्फोट, टक्कर, गोळी. भूक, कामातून जडणारे आजार, पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान यांना असा क्षण नसतो, म्हणून ते बातमीतही मागे पडतात आणि चित्रातही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद मिदनापूरच्या गावांतून हिंडला आणि हाडांचे सापळे झालेल्या माणसांची काळ्या शाईत रेखाटने करून त्यांच्यासोबत त्यांची माहितीही लिहीत गेला. तिथे दाखवण्याजोगा फुटलेला बाँब नव्हता, दाखवायची होती ती भाताची टंचाई, साठेबाजी आणि सरकारी दुर्लक्ष. ब्रिटिश सरकारने या रेखाटनांच्या पुस्तिकेच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या.